हिरवी तार

५ जानेवारी, रविवार. पेण.

आले एकदाची! सकाळी रोह्याहून टेम्पो निघाला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी वेट ग्राइंडरचं भांडं मांडीवर घेऊन बसले होते. नागोठणं येईपर्यंत त्याला एकच चिंता, ताई एकट्याच राहणार काय. एकटी कुठे, म्हटलं. मागे फ्रिज आहे, मिक्सर आहे, ओव्हन आहे. हसला बिचारा.

धाटावच्या कंपनीत कँटीन चालवण्यात माझी सगळी तिशी गेली. ठेकेदार बदलला, त्याने आपली माणसं आणली. मी भांडले, आणि भांडून दमल्यावर ठरवलं की आता दुसऱ्याच्या चुलीवर रांधायचं नाही. पेणमध्ये माघी गणपतीची घाई चालू आहे, रंगकाम करणाऱ्यांना दुपारी घरचं जेवण हवंच असतं. मूर्तींच्या दोन कारखान्यांशी बोलणं झालंय.

घर बैठं, कौलारू. पुढे मालकांचं, पुंडलिककाकांचं, नवं स्लॅबचं घर आणि मागे हे त्यांचं जुनं. मधे अंगण, एक तगर, कपडे वाळत घालायची तार. स्वयंपाकघर मात्र मनासारखं मिळालं! मोठा ओटा, दक्षिणेला खिडकी, दिवसभर ऊन. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी मांडणी आहे, तिला टेकून फ्रिज लावला. विजेचं सगळं जुन्या जमान्यातलं. काळी गोल बटणं, लाकडी पट्टीवरून फिरवलेल्या वायरी, प्लगला दोनच भोकं. तीन पिनांच्या वस्तूंसाठी बाजारातून दोन पिनांचे जोड आणले. मन मानत नव्हतं, पण उद्यापासून डबे आहेत.

सरूकाकी, म्हणजे मालकीणबाई, चहा घेऊन आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहूनच त्यांनी कप पुढे केला. आत या म्हटलं तर म्हणाल्या, हात ओले हायेत गो. हात कोरडे होते.


८ जानेवारी, बुधवार

पहिल्या डब्यांना वाहवा मिळाली. वालाचं बिरडं संपलं, परत भात मागवला. मूर्ती रंगवणारी माणसं बोटांवरचा सोनेरी रंग पुसायच्या आधीच जेवायला बसतात.

फ्रिजने मात्र आज मला चावा घेतला. दांडा धरला तर कोपरापर्यंत मुंग्या. मिक्सरच्या स्क्रूलाही तेच आणि मांडणीवरचं पातेलं काढताना तर हात आपोआप मागे आला. टेस्टर लावला. फ्रिजच्या दारावर पेटला. मांडणीवर जास्तच पेटला.

कंपनीत दरवर्षी सुरक्षेवर भाषण व्हायचं. सगळे डुलक्या काढायचे, मी ऐकायचे, कारण डोशाच्या तव्याने मला एकदा असंच झटकलं होतं. धातूच्या अंगात वीज गळली तर तिला जमिनीत जायला वाट हवी. वाट नसेल तर ती माणसातून जाते. एवढं साधं आहे.

संध्याकाळी पुंडलिककाकांना सांगितलं. ते म्हणाले, थंडीत येतात झिणझिण्या, रबरी चपला घालून काम कर. वायरिंग बदलू या म्हटलं तर, भिंती फोडायच्या नाय. इतक्या वर्षांत कुणाला काय झालं नाय, असंही म्हणाले. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

चपला घातल्या. पण गप्प बसणार नाही.


११ जानेवारी, शनिवार

काळुराम वायरमन आला. बोलका माणूस, कुठलं घर ते कळल्यावर अंगणातच घुटमळला. मग आला. त्याच्या मते गळती भिंतीत आहे, मांडणीच्या मागे कुठेतरी. जुन्या वायरीचं रबर उडालंय, भिंत फोडल्याशिवाय जागा सापडणार नाही. सगळी वायरिंग नवी हवी. तोवर निदान अर्थिंग करून घ्या, फ्रिज, मिक्सर, ग्राइंडर, मांडणी, सगळ्यांना हिरवी तार जोडतो. झटका लागताच बंद पडणारा स्विचही बसवायला हवा, पण मीटरचा बोर्ड काकांच्या पडवीत, कुलपात. त्याला ते हात लावू देणार नाहीत.

जाता जाता त्याने विचारलं, "ताई, तुम्हाला कोण काय बोललं नाय?"

मग कळलं. काकांची सून चंद्रावती याच स्वयंपाकघरात गेली. तिचा नवरा हरेश त्यानंतर घर सोडून कोलाडला राहायला गेला. मधे दोन भाडेकरू आले, टिकले नाहीत. इथे फ्रिजला हात लावला की ती मनगट धरते, असं आळीत बोलतात.

मला रागच आला. मनगट वीज धरते. करंट लागला की मूठ आवळते आणि सुटत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. एक बाई शॉक लागून मेली, तर वायर बदलायची सोडून या लोकांनी तिचं भूत केलं. सोयीचं पडतं. भुतासाठी भिंत फोडावी लागत नाही.

उद्याच काम करायला सांगितलंय.


१२ जानेवारी, रविवार

झालं! काका सकाळीच खाडीवर, मिठागराकडे गेले. विचारत बसले असते तर जन्मात झालं नसतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, तगरीजवळ खड्डा खणला. पुरुषभर खोल. तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. कोळसा काळुरामने आणला. जाडं मीठ दुकानात आणायला निघाले, तर सरूकाकी एक गोणी फरफटत घेऊन आल्या, त्यांच्याच मिठागरातलं. मी दिलं म्हणून बोलू नको, एवढंच म्हणाल्या. खड्डा भरेपर्यंत उभ्या होत्या. शेवटचं मीठ त्यांनी स्वतःच्या ओंजळीने टाकलं.

पट्टीपासून हिरवी तार खिडकीतून आत घेतली, एकेका वस्तूला जोडली. माती सुकली की अर्थिंग काम करत नाही, म्हणून रोज खड्ड्यात पाणी ओतायचं.

टेस्टर लावला. फ्रिज अंधार. मिक्सर अंधार. मांडणीही अंधार. चपला भिरकावल्या आणि अनवाणी उभी राहून फ्रिजचं दार पाच-सहा वेळा उघडलं, मिटलं. वेडी दिसले असेन. दिसू दे.


१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

डब्यांबरोबर तीळगूळ पाठवला. दुपारी भांडी आवरून दही काढायला फ्रिजकडे गेले.

मनगट धरलं गेलं.

झटका नव्हता. झटका मला ओळखता येतो, तो आतून, हाडातून येतो. हे बाहेरून होतं. गार, ओलसर, घट्ट. चार बोटं वरून आणि अंगठा खालून. मी खेचलं तर तेही खेचलं गेलं. मग सुटलं.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. शेजारच्या कारखान्यात रेडिओ चालू होता. मी टेस्टर आणला, अंधार. फ्रिजचा प्लग काढला, फ्रिज मांडणीपासून पुढे ओढला, परत दाराकडे हात नेला. परत धरलं.

वीज नव्हती. मी स्वतःच बंद केली होती.

तिथल्या तिथे मोठ्याने सांगितलं, हे बघ, मला उद्याचं वाटण करायचंय. फ्रिज मागे सरकवून प्लग लावला. वाटण केलं.

संध्याकाळी काका आले ते खड्डा बघून तापले. विचारल्याशिवाय अंगण खणलंस! मी म्हटलं, जीव माझा आहे, त्याला विचारलं होतं.


१६ जानेवारी, गुरुवार

मनगटावर वळ आहेत. निळसर.

काकी खड्ड्यात पाणी ओतत होत्या. मी सांगितलं नव्हतं, त्या आपण होऊनच ओततात. मी बांगड्या वर सरकवून हात पुढे केला. त्यांनी बघितलं आणि तांब्या खाली ठेवला.

चंद्रावती पण अशीच हात दाखवायची, म्हणाल्या. सांगायची, आई, फ्रिज धरतो, मांडणी चावते. "मी तिला बोललेली, नखरे करू नको गो. कामाचा कंटाळा आला की असंच होतं." मग तांब्यातलं उरलेलं पाणी तगरीला घातलं. तिला अटॅक आला म्हणतात, म्हणाल्या.

म्हणतात. आला, असं नाही म्हणाल्या.


१९ जानेवारी, रविवार. कोलाडहून परत आल्यावर.

डबे नव्हते. एसटीने गेले. हरेश हायवेवरच्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसतो. ओळख सांगितल्यावर उठून जायला लागला, मी वाट अडवून उभी राहिले. वळ दाखवले.

मागच्या बाजूला, भाज्यांच्या पोत्यांवर बसून तो बोलला. सकाळची वेळ होती. तो अंघोळ करून आला, तर चंद्रावती फ्रिजला चिकटलेली. डोळे उघडे, तोंडातून आवाज नाही. तो धावला तर बापाने मागून ओढलं, तू पण जाशील म्हणाला. मेन बंद करायला पुढच्या पडवीत जावं लागलं, कुलूप होतं, किल्ली सापडेना. किल्ली सापडेपर्यंत—

मग दोघांनी तिला उचलून बिछान्यावर ठेवलं. ओले केस पुसले. डॉक्टर आले तेव्हा बाप म्हणाला, छातीत दुखतंय म्हणाली आणि पडली. पोलीस, चौकशी, घराची बदनामी, सगळं टाळायचं होतं. तिच्या माहेरी पण तेच सांगितलं. तिची आई अजून लोकांना सांगते, माझ्या मुलीचं काळीज कच्चं होतं.

"तिचं काळीज काय कच्चं नव्हतं," हरेश म्हणाला. "आमचं होतं."

मी विचारलं, माहेरी खरं सांगशील का? त्याने मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही.


२० जानेवारी, सोमवार

आज तीनदा. दर वेळी फ्रिजशी.

काकांना सगळं सांगितलं, कोलाडला जाऊन आले तेही. चंद्रावतीच्या आईला खरं सांगा आणि ही भिंत फोडून वायर बदला, एवढंच मागणं. ते आधी हसले, मग लाल झाले. महिनाअखेर घर खाली कर म्हणाले. करार आहे, म्हटलं, मी जाणार नाही. अंधार पडू द्या, भूत येऊ द्या, मी इथेच रांधणार.

नंतर फ्रिजसमोर पाट टाकून बसले. चंद्रावती म्हणून हाक मारली. मला ठाऊक आहे तुला काय झालं, म्हटलं. मी सांगेन सगळ्यांना. पण मला घाबरवून तुझं काम होणार नाही, माझ्याशी नीट वाग.

फ्रिजची घरघर थांबली आणि परत सुरू झाली. ती तशीच होते.


२२ जानेवारी, बुधवार

नीट झोप नाही. हातातून लाटणं पडतं. कारखान्यातले विचारतात, ताई, हाताला काय झालं. भाजलं म्हणते. खोटं बोलायला मीही शिकले का इथे?

ती मला का धरते? मी तिच्या बाजूची आहे.

एक लक्षात आलं. ती कधी फ्रिजकडे ओढत नाही. नेहमी मागे—


२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी लिहितेय. पटकन.

भाजी काढायला गेले. या वेळी दोन्ही हातांनी धरलं, दंडाला आणि मनगटाला, आणि मागे फेकलं. ओट्यावर पाठ आपटली. उठून टेस्टर घेतला, फ्रिजला लावला.

पेटला. लखलखीत पेटला.

मांडणी पेटली. मिक्सर पेटला. तारेच्या मागोमाग खिडकीबाहेर गेले. खड्ड्याच्या तोंडाशी हिरवी तार कापलेली. उंदराने कुरतडलेली नाही. पक्कडीने, एका घावात. टोक चकाकतंय.

काल संध्याकाळी काका तगरीपाशी वाकले होते. मला वाटलं फुलं—

बरं. आता मी तार घेऊन त्यांच्याकडे जाते. बघू काय म्हणतात.


२३ जानेवारी. दुपार.

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर असंच येणार.

उजवा तिने धरलाय. तेव्हापासून सोडलेला नाही.

जमेल तसं सगळं लिहिते.

तार काकांच्या पुढ्यात टाकली. ते अंघोळ करून पूजेला बसणार होते, अंगावर ओला पंचा, पाय ओले. मी म्हटलं, तुम्ही मला मारायला निघालात. ते ओरडले, नाटकं पुरे, माझ्या घरात काय नाय! तरातरा चालत माझ्या स्वयंपाकघरात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हे नंतर काकी म्हणाल्या. मी मागून ओरडत होते, काका, हात लावू नका, तार तुटलेली आहे, तुम्हीच तोडलीय! तार आपणच कापली हे ते विसरले होते, की तिने काही होईल असं त्यांना वाटतच नव्हतं, मला सांगता येणार नाही. खोटं इतकी वर्षं सांगितलं की स्वतःलाही खरं वाटत असेल.

"हे बघ, काय होतंय," म्हणाले, आणि फ्रिजचा दांडा मुठीत धरला.

मूठ आवळली.

मी मेनकडे धावायला वळले. पडवी, कुलूप, लाटण्याने फोडलं असतं. निदान पाट मारून त्यांचा हात सोडवला असता. कोरडा लाकडी पाट समोरच होता.

तिने मला धरलं. हलू दिलं नाही. मी हिसडे दिले, तिच्या नावाने किंचाळले, सोड, चंद्रावती, सोड, असं नको! ती मोठ्या ताकदीने धरून होती. माझा श्वास नव्हे असा एक श्वास माझ्या कानाशी. शांत.

ते माझ्याकडे बघत होते. डोळे उघडे. तोंडातून आवाज नाही.

काकींनी येऊन पडवीतला बोर्ड दगडाने फोडला, तेव्हा ते खाली पडले.

—

हरेश आलाय. पुढच्या घरात त्यांना बिछान्यावर ठेवलंय. अंग कोरडं केलंय.

आत्ता काकी आल्या होत्या. उंबऱ्याशी नाही, आत आल्या. माझ्या पाया पडल्या. म्हणतात, डॉक्टर येतायत, तू एवढंच बोल की ते पडवीत चक्कर येऊन पडले. अटॅक आला. गेलेल्या माणसाची लाज राख गो. हरेश दारात उभा होता, जमिनीकडे बघत.

मी नाही म्हटलं.

काकी, तुम्ही मीठ टाकलंत त्या खड्ड्यात, तुम्हाला कळतंय मी काय बोलतेय, म्हटलं. एका बाईला अटॅक दिलात तुम्ही. आता दुसरा देऊ देणार नाही. पोलिसांना फोन मी केलाय. येतील. मी इथून उठणार नाही. माझाही जबाब देईन, मी धावू शकले नाही तेही सांगेन. हसू देत कोणाला हसायचं तर.

हरेश तेव्हा पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. बोलू दे तिला." आणि फोन काढून अंगणात गेला. चंद्रावतीच्या आईचं नाव घेताना ऐकलं मी. बोलतोय. रडत बोलतोय, पण सांगतोय.

तिच्या बोटांची पकड सैल झाली. आत्ता. या क्षणी. उजवा हात गार पडलाय, पण मोकळा आहे.

संपलं का?

गाडीचा आवाज. आळीच्या तोंडाशी. आले बहुतेक.

—

नाही. कोणीतरी डावा धरलाय.

हा तिचा नाही. मोठा आहे, जाड, ओला. बाईचा नाही हा. लिहिता हात धरलाय त्याने, कागदावरून मागे ओढ—

नाही थांबणार. ऐका काका, नाही थांबणार. बोटं मोडा. ती परत आलीय, उजवीकडून लावतेय जोर, दोघांच्या मधे मी, तरी लिहिणार. पोलिसांनी हे वाचावं. चंद्रावती वीज लागून मेली. पुंडलिक वीज लागून मेले. अटॅक कोणालाही आलेला नाही. अर्थिंगची तार त्यांनी स्वतःच्या हाताने काप